म्हणून, कारण आणि तरच: युक्तिवाद तपासायला शिकताना

सगळ्या होड्या पाण्यावर तरंगतात. तरंगणाऱ्या काही वस्तू लाकडाच्या असतात. म्हणून काही होड्या लाकडाच्या असतात.

या तीन वाक्यांत एकही खोटे नाही, त्यामुळे बहुतेक जण मान डोलावून पुढे जातात. आता हेच थोडे बदलून वाचा. सगळ्या होड्या पाण्यावर तरंगतात. तरंगणाऱ्या काही गोष्टी म्हणजे बदके. म्हणून काही होड्या बदके असतात.

सांगाडा तोच आहे. पहिल्या वेळी आपण तर्क तपासलाच नव्हता. निष्कर्ष ओळखीचा आणि खरा होता, म्हणून तिथवर नेणारी वाटही आपण खरी धरली. 'हे खरे आहे का?' आणि 'हे त्यावरून निघते का?' हे दोन प्रश्न आपण एकत्र कालवतो. ते वेगळे करणे हा तर्कशास्त्राचा पहिला धडा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघडही.

तर्कदोषांची नावे त्यानंतर यावीत. मी उलट क्रमाने शिकलो. आधी दोषांची यादी पाठ केली आणि काही महिने लोकांच्या बोलण्यात ते दोष हुडकत हिंडलो. त्याने माझी विचारशक्ती वाढल्याचे काही दिसले नाही. माझ्याशी गप्पा मारायला येणारे मात्र कमी झाले. म्हणून इथे आधी सांगाडा, मग दोष.

पायरी पहिली: निष्कर्ष कुठे आहे ते शोधा

युक्तिवाद म्हणजे विधानांचा असा गट, ज्यातले एक विधान बाकीच्यांच्या जोरावर उभे असते. ते एक म्हणजे निष्कर्ष आणि बाकीची आधारविधाने. कागद घ्या, आधारविधाने एकाखाली एक लिहा, खाली रेघ मारा आणि रेघेखाली निष्कर्ष लिहा. पोरकट वाटेल, पण निम्मे गोंधळ इथेच उघडे पडतात. मोठ्या आवाजात पंधरा मिनिटे चाललेल्या भाषणात रेघेखाली लिहिण्याजोगे काहीच नव्हते, असेही पुष्कळदा होते.

खुणेचे शब्द मदत करतात. 'म्हणून', 'तेव्हा', 'सबब', 'त्याअर्थी' यांच्या पुढे निष्कर्ष असतो. 'कारण', 'ज्याअर्थी' यांच्या पुढे आधार. मात्र 'कारण' हा शब्द दगा देतो, कारण तो दोन वेगळी कामे करतो. ही दोन वाक्ये पाहा:

रस्ता ओला आहे, कारण रात्री पाऊस पडला.
रात्री पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे.

पहिल्यात रस्ता ओला आहे हे दोघांनाही मान्य आहे. तो का ओला झाला एवढेच सांगितले आहे. हे स्पष्टीकरण. दुसऱ्यात पाऊस पडला हेच सिद्ध करायचे आहे आणि ओला रस्ता हा त्याचा पुरावा आहे. हा युक्तिवाद. ओल्या रस्त्यामुळे पाऊस पडत नाही, तरी वाक्यात शब्द तोच. ओळखायची युक्ती सोपी आहे: 'कारण' काढून तिथे 'हे मला कशावरून कळले, तर' असे घालून बघा. वाक्य चालले तर तो युक्तिवाद आहे.

पायरी दुसरी: न बोललेले वाक्य लिहून काढा

'विचारल्यावर तो घाबरला. म्हणजे चूक त्यानेच केली आहे.' इथे एक आधारविधान अध्याहृत आहे: चूक केलेला माणूसच घाबरतो. ते कागदावर उतरवले की बोलणारा स्वतःच जरा बिचकतो. गृहीतके तोंडी बोलण्यात लपून राहतात आणि लिहिली की उघडी पडतात.

यात एक पथ्य पाळा. दुसऱ्याचे न बोललेले वाक्य भरताना ते मुद्दाम मूर्खपणाचे भरू नका. त्याला विचारले तर तो 'हो, हेच मला म्हणायचे होते' असे म्हणेल, इतपत समंजस वाक्य घाला. नाहीतर पुढची सगळी तपासणी आपणच रंगवलेल्या चित्राची होते.

पायरी तिसरी: सांगाडा तपासा

आधारविधाने खरी असताना निष्कर्ष खोटा असणे शक्यच नसेल, तर युक्तिवाद वैध. आधारविधाने प्रत्यक्षात खरी आहेत का, याच्याशी वैधतेला देणेघेणे नाही. 'सगळे पक्षी दगड खातात. चिमणी पक्षी आहे. म्हणून चिमणी दगड खाते' हा युक्तिवाद पूर्ण वैध आहे. तो फसतो तो पहिल्या विधानाच्या खोटेपणामुळे. उलट होडी-लाकडाच्या उदाहरणात तिन्ही विधाने खरी असूनही तो अवैध. भरवसा ठेवायचा तर सांगाडा वैध हवा आणि आधारही खरे हवेत.

जर-तरचे चार सांगाडे ओळखता आले की रोजच्या गरजेचा मोठा भाग भागतो. एक विधान धरू: वीज गेली असेल तर दिवा बंद असतो.

वीज गेली आहे, म्हणून दिवा बंद आहे. वैध.
दिवा चालू आहे, म्हणून वीज गेलेली नाही. वैध.
दिवा बंद आहे, म्हणून वीज गेली आहे. अवैध. कुणी बटण बंद केले असेल, दिवाच उडाला असेल.
वीज गेलेली नाही, म्हणून दिवा चालू आहे. अवैध, त्याच कारणाने.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण तो 'लक्षण दिसले, म्हणजे रोग तोच' या आपल्या सवयीत चपखल बसतो. लक्षणावरून अंदाज बांधणे गैर नाही. तो अंदाज आहे हे विसरणे गैर.

मराठीत या सगळ्याची किल्ली एका अक्षरात आहे: च. 'पासवर्ड बरोबर असेल तर खाते उघडते' आणि 'पासवर्ड बरोबर असेल तरच खाते उघडते' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाक्य पासवर्डला पुरेशी अट म्हणते: तो दिला की उघडलेच. दुसरे त्याला आवश्यक अट म्हणते: तो नसेल तर उघडणार नाही. पण असला म्हणजे उघडेलच, असा शब्द त्यात दिलेला नाही; आणखी एखादी अट असू शकते. करार, नियम आणि जाहिराती वाचताना मी 'च' कुठे बसलाय ते आधी बघतो.

असाच सापळा 'सगळे' आणि 'नाही' एकत्र आले की असतो. 'सगळे अर्ज मंजूर झाले नाहीत' याचा अर्थ एकही झाला नाही की काही राहिले? बोलताना आवाजावरून कळते, लेखी मजकुरात कळत नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच: 'सगळे मंजूर झाले' हे खोडून काढायला एक नामंजूर अर्ज पुरतो. सगळे नामंजूर झाल्याचे दाखवायची गरज नाही.

आता एक सराव. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कोड्याचे हे मराठी रूप. टेबलावर चार पत्ते आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. दिसणाऱ्या बाजू अशा: अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला गेला आहे का हे ठरवायला कोणते पत्ते उलटावेच लागतील? पुढे वाचण्याआधी उत्तर ठरवा.

बहुतेक जण 'अ आणि ४' किंवा नुसते 'अ' म्हणतात. सुरुवातीच्या प्रयोगांत बरोबर उत्तर देणारे दहात एकाहूनही कमी होते. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. ४ च्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही. सम अंकामागे स्वरच हवा असे कुणी म्हटलेलेच नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम कोसळतो. आपला कल नियमाला दुजोरा देणारा पत्ता उलटण्याकडे असतो, नियम मोडू शकणाऱ्या पत्त्याकडे नसतो. गंमत म्हणजे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी हेच कोडे वयाच्या अटीच्या रूपात विचारले, म्हणजे अमुक गोष्ट घेणाऱ्याचे वय किमान इतके हवे, तेव्हा बहुसंख्य लोकांना ते सहज जमले. नियम मोडणारा माणूस पकडायला आपण तरबेज असतो. तेव्हा कोरडे विधान तपासायचे असले की स्वतःला विचारा: इथे नियम मोडणारा कुठे लपला असेल?

अवैध सांगाडा पकडायची माझी आवडती रीत सुरुवातीलाच येऊन गेली आहे. शब्द काढा, सांगाडा तसाच ठेवा आणि त्यात असे शब्द भरा की आधार खरे राहतील पण निष्कर्ष हास्यास्पद होईल. बदक सापडले की काम झाले.

पायरी चौथी: अनुमान किती वजन पेलते ते बघा

आपले बहुतेक विचार मुळी वैध असल्याचा दावाच करत नाहीत. पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल आपण बोलतो. याला विगमन म्हणतात. तिथे 'निघते का' ऐवजी 'कितपत बळ मिळते' हे विचारायचे.

न्यायदर्शन म्हणजे तर्काचा अभ्यास करणारी प्राचीन भारतीय परंपरा. तिच्यातले प्रसिद्ध अनुमान म्हणजे डोंगरावरचा धूर. डोंगरावर अग्नी आहे (प्रतिज्ञा), कारण धूर आहे (हेतू). जिथे धूर तिथे अग्नी, जशी चूल (उदाहरण). या डोंगरावर तसाच धूर आहे (उपनय). म्हणून अग्नी आहे (निगमन). सगळा भार आहे तो धूर आणि अग्नी यांच्या कायमच्या संबंधावर, म्हणजे व्याप्तीवर. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, लगेच उलटा प्रश्न विचारला: मग जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येईल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. धूर यायला सरपण ओले लागते. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणत. दोन गोष्टी नेहमी जोडीने दिसल्या की 'इथे उपाधी काय असेल?' हा प्रश्न आजच्या संख्याशास्त्रज्ञालाही रोज पडतो.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण कधी बरोबर? आतला दाणा न् दाणा सारखा शिजत असेल तेव्हा. नमुना छोटा असणे हा मूळ दोष नाही. तो एकाच कोपऱ्यातून उचललेला असणे हा दोष. युरोपीय लोकांनी शतकानुशतके पाहिलेले सगळे राजहंस पांढरे होते. १६९७ मध्ये विलेम द व्लामिंख यांच्या डच मोहिमेला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर काळे राजहंस दिसले. कोपरा बदलला आणि उत्तर बदलले.

कधी कधी नमुना आपण निवडत नाही, परिस्थितीच गाळून देते. दुसऱ्या महायुद्धात परत आलेल्या बॉम्बफेकी विमानांवर गोळ्यांची भोके कुठे आहेत हे मोजले जात होते. जिथे भोके जास्त तिथे चिलखत जाड करा, हे सहज सुचते. अब्राहम वाल्ड हे संख्याशास्त्रज्ञ तेव्हा कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधन गटात होते. परतलेल्या विमानांवरून न परतलेल्यांबद्दल अंदाज कसा बांधायचा, याचे गणित त्यांनी मांडले. परत आलेल्यांवर ज्या जागी भोके विरळ दिसतात, तिथे गोळी लागलेली विमाने बहुधा परतलीच नाहीत. यशाच्या कहाण्या ऐकताना ही विमाने आठवावीत.

आणि मग काकतालीय न्याय: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. एकानंतर दुसरे घडले, म्हणजे पहिल्यामुळे दुसरे घडले, हा तर्क. आजार शिगेला पोचला की माणूस उपाय करतो, आणि अनेक आजार शिगेला पोचल्यावर आपोआपच उतरतात. श्रेय मात्र त्या दिवशी जो कावळा बसला त्याला. उतारा एकच: उपाय न केलेल्यांचे काय झाले ते विचारा.

याच्या उलट बाजूची चूक जुगाऱ्याची. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेची गोळी सलग २६ वेळा काळ्यावर थांबली. 'आता लाल येणारच' म्हणत लोक वाढत्या रकमा लावत राहिले आणि बुडत गेले. चाकाला स्मरणशक्ती नसते. ३७ खणांपैकी लाल १८, हे प्रत्येक फिरवणीला तेवढेच राहते.

पायरी पाचवी: मग दोषांची नावे

ॲरिस्टॉटलने १३ तर्कदोष मांडले आणि त्यांतले ६ निव्वळ भाषेमुळे होतात असे दाखवले. न्यायदर्शनाने हेत्वाभास, म्हणजे खरे वाटणारे पण फसवे हेतू, ५ सांगितले. आजच्या याद्या कितीतरी लांब आहेत. पाठांतर नको. जे वारंवार भेटतात तेवढे बघू.

भाषेचा दोष म्हणजे एकच शब्द वाटेत अर्थ बदलतो. न्यायदर्शनात याला वाक्छल म्हणतात. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला, असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने 'नव म्हणजे नऊ, याच्याकडे तर एकच आहे' म्हणून खोडावे. हे उघड आहे. पण 'स्वातंत्र्य', 'नैसर्गिक', 'सिद्ध झालेले' हे शब्द अशीच घोंगडी बदलतात आणि आपल्या लक्षात येत नाही. ज्या शब्दावर वाद अडला आहे त्याजागी त्याची व्याख्या घालून वाक्य पुन्हा वाचा.

चक्राकार तर्कात जे सिद्ध करायचे तेच वेगळ्या शब्दांत आधार म्हणून येते. 'तो विश्वासू आहे, कारण तो कधी फसवत नाही.' हेत्वाभासांतला साध्यसम याच्या जवळचा: हेतूलाच साध्याइतकी, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याच्याइतकी, सिद्धतेची गरज. चक्र मोठे असले, दहा पानांनी परत फिरले, की पकडणे कठीण.

व्यक्तीवरच्या हल्ल्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण हे नाव सर्वाधिक चुकीचे वापरले जाते. माणूस युक्तिवाद करत असेल तर त्याचे चारित्र्य गैरलागू आहे. खोटारड्यानेही दोन आणि दोन चारच म्हटले तर ते चारच. पण माणूस साक्ष देत असेल, 'मी पाहिले, माझे ऐका' म्हणत असेल, तर त्याचा खरेपणा आणि हितसंबंध तपासणे हा दोष नाही, ते कर्तव्य आहे. आणि नुसती शिवी हा तर्कदोषही नाही. 'तू मूर्ख आहेस आणि तुझे चुकले आहे' हा उद्धटपणा. 'तू मूर्ख आहेस, म्हणून तुझे चुकले आहे' हा तर्कदोष. पुन्हा 'म्हणून'.

अधिकाराच्या दाखल्याचेही तसेच. तज्ज्ञाचे ऐकणे दोष नाही. सगळे स्वतः तपासायला आयुष्य पुरणार नाही. त्याचा विषय हाच आहे का आणि त्या विषयातले इतर जाणकार काय म्हणतात, हे दोन प्रश्न पुरतात.

बुजगावणे म्हणजे समोरच्याचा मुद्दा बाजूला ठेवून त्याच्यासारखे दिसणारे गवताचे बाहुले झोडपणे. 'चाचण्या थोड्या कमी करा' याला 'म्हणजे तुम्हाला चाचण्याच नकोत' असे उत्तर. खोटी कोंडी म्हणजे चार वाटा असताना दोनच दाखवणे. अज्ञानाचा आधार म्हणजे 'खोटे ठरलेले नाही, म्हणून खरे'. हे तिन्ही एकदा कळले की डोळ्यांना आपोआप दिसू लागतात.

घसरगुंडीच्या तर्काला गणित लावून बघा. 'हे केले की ते होईल, त्यावरून ते, आणि शेवटी सर्वनाश.' पाच पायऱ्या धरा आणि आधीची घडल्यावर पुढची घडण्याची शक्यता दर वेळी ८० टक्के माना, म्हणजे चांगलीच मोठी. शेवटाला पोचण्याची शक्यता तरीही सुमारे ३३ टक्केच. घसरगुंड्या खऱ्याही असतात, पण प्रत्येक पायरीचा पुरावा वेगळा मागावा.

आणि नवशिक्याचा हक्काचा दोष: समोरच्याच्या तर्कात चूक सापडली, म्हणून त्याचा निष्कर्षही खोटा. काही होड्या लाकडाच्या असतातच.

सगळे एकत्र करून

वाद घालण्यापूर्वी तो कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. न्यायदर्शनात तीन जाती आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचे पाडण्यासाठी वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथूनच आला. शेवटच्या दोन जातींत वरचे काही उपयोगी पडत नाही.

आता एक उतारा सोडवू. 'मी पहाटे उठायला लागलो आणि माझे काम दुपटीने होऊ लागले. माझ्या ओळखीतले सगळे यशस्वी लोक पहाटे उठतात. एक नामवंत खेळाडूही हेच सांगतो. ज्यांना पटत नाही ते आळशी आहेत. तेव्हा यशस्वी व्हायचे असेल तर पहाटे उठलेच पाहिजे.'

रेघेखाली काय जाईल? 'उठलेच पाहिजे'. म्हणजे दावा आवश्यक अटीचा आहे. पहिले वाक्य काकतालीय असू शकते. त्याच महिन्यात आणखी काय बदलले ते विचारू. खेळाडूचा विषय खेळ. आळशी म्हणणे नुसते अंगावर येणे. उरले दुसरे वाक्य, आणि वजन तिथेच आहे.

इथे वाल्ड यांची विमाने आठवून आपण म्हणू, 'पहाटे उठूनही अपयशी ठरलेले कितीतरी असतील!' मुद्दा खरा आहे, पण चुकीचा पत्ता उलटला. पहाटे उठणे पुरेसे आहे असे त्याने म्हटलेलेच नाही. त्याने आवश्यक म्हटले आहे, आणि ते मोडायला उलटावा लागणारा पत्ता दुसरा: उशिरा उठणारा यशस्वी माणूस. रने देकार्त हे आधुनिक तत्त्वज्ञानातले मोठे नाव, आणि सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. एक उदाहरण पुरले. त्याच्या वाक्यातला 'च' गेला; पहाटे उठून त्याचे काम खरोखर वाढले का, हा प्रश्न अजून तिथेच आहे.